मत्स्यव्यवसाय विभागाचा ठेका: निविदेपासून बिलापर्यंत

महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय विभाग गस्तीच्या नौका भाड्याने घेतो, मत्स्यबीज आणि मत्स्यखाद्य खरेदी करतो, वायरलेस संच, लाइफ जॅकेट, संगणक, गाड्या आणि कंत्राटी मनुष्यबळही घेतो. 9 जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू झाली, तेव्हा तीही सेवा या यादीत आली. हे काम मिळवू पाहणाऱ्यांत नौकामालक, मच्छीमार सहकारी संस्था, मत्स्यबीज उत्पादक आणि छोटे पुरवठादार मोठ्या संख्येने असतात. यातले बहुतेक जण दर किती भरायचा याचाच विचार करतात. प्रत्यक्षात बाद होणाऱ्या निविदांपैकी पुष्कळ निविदा कागदांवर बाद होतात, आणि अडकणारे पैसे स्वीकृतीच्या कागदावर अडकतात. दराचा क्रम त्यानंतर लागतो.

सर्वांत आधी खरेदीदार नेमका कोण, ते पाहावे. मासेमारीचे परवाने, गस्त आणि मत्स्यबीज हे मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या यंत्रणेचे काम. जिल्ह्यात सहायक आयुक्तांचे कार्यालय ते पाहते. महाराष्ट्र मत्स्योद्योग विकास महामंडळ 1973 मध्ये स्थापन झाले. ते वेगळे आणि त्याच्या निविदाही वेगळ्या. प्रवासी जेट्ट्या, जलवाहतूक आणि लहान बंदरे 1996 च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. मासळी उतरवण्याचा धक्का किंवा लिलावगृह बांधायचे असेल तर पैसा एका कार्यालयाचा आणि निविदा दुसऱ्याच बांधकाम यंत्रणेची, असेही घडते. अनामत कोणाच्या नावे काढायची, करार कोणाशी होणार आणि वाद झाला तर दाद कोणाकडे मागायची, हे सगळे यावरूनच ठरते.

दुसरी चौकशी पैशाची. एकाच कार्यालयाची एक खरेदी राज्य योजनेतून, दुसरी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आणि तिसरी 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून होऊ शकते. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे पैसा आला असे नाही. निधी ‘बीडीएस’वर, म्हणजे शासनाच्या निधी वितरण प्रणालीवर, दिसला तरच बिल कोषागारात पुढे सरकते. सरकारी कामात मुरलेला ठेकेदार निविदेच्या अटींआधी हेच विचारतो. शासनाचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि अखर्चित निधी बहुधा परत जातो. वर्षाखेरीची घाईगर्दी टाळण्यासाठी वित्त विभाग फेब्रुवारीच्या सुमारास नव्या खरेदीवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढतो. त्यामुळे जानेवारीनंतर कोणी तोंडी ऑर्डर देऊ लागला तर तिच्या भरवशावर माल तयार करू नये. लेखी पुरवठा आदेश हातात पडण्यापूर्वी सरकारी कार्यालयाला दिलेला माल म्हणजे उधारी, आणि ती वसूल करणे फार अवघड.

खरेदीची पद्धत रकमेवर ठरते. अगदी किरकोळ वस्तू थेट घेतल्या जातात, त्यावरच्या रकमेसाठी तीन दरपत्रके मागवतात आणि मोठ्या रकमेसाठी ई-निविदा निघते. ज्या वस्तू केंद्राच्या ‘जेम’ पोर्टलवर मिळतात त्या तिथूनच घेण्याकडे कल असतो. हे पोर्टल 2016 पासून चालू आहे. राज्याच्या ई-निविदा ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर निघतात. रकमेच्या मर्यादा शासन निर्णयांनी वरचेवर बदलतात, म्हणून जुन्या आकड्यांवर विसंबू नये. चालू निर्णय कार्यालयात विचारून घ्यावा. ई-निविदा टाळण्यासाठी एकाच खरेदीचे तुकडे पाडून दरपत्रके मागवली जात असतील तर पुरवठादाराने त्यापासून दूर राहिलेले बरे. लेखापरीक्षणात आक्षेप अधिकाऱ्यावर निघतो हे खरे, पण राहिलेले बिल मात्र पुरवठादाराचे अडकते.

निविदा निघाल्यावर कागद जमवायला घेणे म्हणजे उशीर झालाच. पॅन, जीएसटी नोंदणी, मागील वर्षांची विवरणपत्रे, सनदी लेखापालाचे उलाढाल प्रमाणपत्र, पूर्वी केलेल्या कामांचे दाखले आणि वर्ग 3 ची डिजिटल स्वाक्षरी बाराही महिने तयार असावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन होते, तीही विनाशुल्क. तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. अनामत रकमेतली सूट पुष्कळदा याच नोंदणीवर मिळते, मात्र ती उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला असते. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याने ती गृहीत धरून निविदा भरली तर पहिला, म्हणजे कागदपत्रांचा, लिफाफा उघडताच तो बाद होतो.

मच्छीमार सहकारी संस्थांची अडचण वेगळी असते. चेअरमन बदललेले, डिजिटल स्वाक्षरी जुन्या सेक्रेटरीच्या नावावर, आणि निविदा भरण्याचा व करारावर सही करण्याचा अधिकार कोणाला, याचा व्यवस्थापक समितीचा ठराव इतिवृत्तात नाही. संस्थेकडे नौका, माणसे, अनुभव असे सगळे असूनही एका ठरावापायी काम हातचे जाते. नव्या समितीच्या पहिल्याच सभेत हा ठराव करून ठेवावा आणि त्याची प्रमाणित प्रत फायलीत असावी.

निविदेचे दस्तऐवज वाचताना सुरुवातीची पाने, म्हणजे तारखा आणि रकमा, सगळेच वाचतात. खरा मजकूर तांत्रिक विनिर्देश, देयकाच्या अटी, दंडाची कलमे आणि शेवटी जोडलेल्या नमुन्यांत असतो. शंका निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावी. तोंडी मिळालेल्या उत्तराला किंमत नसते. शुद्धिपत्रकात छापले गेले तेच बंधनकारक. एखादा विनिर्देश एकाच कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवलेला दिसला तर आक्षेप घेण्याची जागाही हीच बैठक. दर उघडल्यावर घेतलेला आक्षेप हरलेल्याची तक्रार म्हणूनच पाहिला जातो, मग तो कितीही खरा असो.

गस्ती नौकेचा ठेका

गस्ती नौका भाड्याने देण्याचा ठेका वरवर सोपा वाटतो. नौका आहे, तिचा तांडेल म्हणजे कप्तान आहे, खलाशी आहेत. महिन्याचा दर लिहिला की झाले. घाटा होतो तो याच समजुतीने. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे आणि त्याची अंमलबजावणी राज्याच्या 12 सागरी मैलांच्या हद्दीत होते. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 च्या निर्णयाने निर्बंध घातले आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. अशी मासेमारी करणाऱ्या नौकांना मोठी इंजिने असतात आणि त्या रात्री काम करतात. म्हणून निविदेत इंजिनाची अश्वशक्ती, नॉटमधला वेग, रात्रीच्या गस्तीचे तास, व्हीएचएफ संच आणि जीपीएस यांची मागणी असते. कागदावरचा वेग रिकाम्या, नव्या नौकेचा असतो. डिझेलची टाकी भरलेली, पाण्याखालच्या भागाला शिंपले चिकटलेले, वर अधिकारी आणि सुरक्षारक्षक मिळून आठ-दहा माणसे, अशा अवस्थेत ती किती धावते हे नौकामालकाने निविदा भरण्यापूर्वी स्वतः पाहावे. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी किती उरते आणि आपली नौका तिथून बाहेर पडते का, हेही पाहावे. रात्री दोनला गस्तीवर निघायचे आणि भरतीची वाट बघत बसायचे, ही वेळ दंडाच्या कलमात मोजली जाते.

दरातला सगळ्यात मोठा भाग डिझेलचा. समजा इंजिन ताशी 25 लिटर डिझेल घेते, गस्त रोज 6 तास आणि महिन्यात 25 दिवस आहे. मग महिन्याला 3,750 लिटर डिझेल जाते. लिटरमागे 90 रुपये धरले तर 3,37,500 रुपये. डिझेल पाच रुपयांनी चढले की महिन्याला 18,750 रुपयांचा फरक पडतो, आणि ठेका वर्षाचा असेल तर तो अनेक महिने सोसावा लागतो. भाववाढीचे कलम नसेल तर ही जोखीम दरातच धरावी लागते. डिझेल विभाग देणार असेल तर ते कोणत्या पंपावर, कोणाच्या सहीने आणि किती तासांच्या हिशेबाने, हे करारात लिहून घ्यावे. मासेमारीसाठी मंजूर झालेला सवलतीच्या डिझेलचा कोटा गस्तीच्या कामात मिसळू नये. दोन्हींची लॉगबुके वेगळी ठेवावीत, नाहीतर गस्तीच्या चार पैशांपायी मासेमारीच्या डिझेलवरची सवलतच धोक्यात येते.

डिझेलनंतर तांडेल-खलाशांचा पगार आणि शिधा, नौका ओढून वर घेण्याचा व रंगकामाचा खर्च, विमा, आणि इंजिन बसले तर पर्यायी नौका देण्याची अट. ही शेवटची अट अनेकांच्या नजरेतून सुटते. एकच नौका असलेल्या मालकाने शेजारच्या नौकेशी लेखी समजूत करूनच निविदा भरावी. विम्याच्या बाबतीत तर थेट विमा कंपनीला पत्र लिहून विचारावे, कारण मासेमारी नौकेची पॉलिसी मासेमारीच्या वापरासाठी असते. गस्तीत दुसऱ्या नौकेवर आदळून नुकसान झाले किंवा वर असलेला सरकारी कर्मचारी जखमी झाला तर ती लागू होईल असे धरून चालता येत नाही.

पावसाळ्याचा हिशेब स्वतंत्र आहे. राज्याच्या हद्दीत 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बंदीच्या काळातही गस्त लागतेच, पण समुद्र खवळलेला असतो आणि बहुतेक नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. या दोन महिन्यांचे भाडे पूर्ण मिळणार, उभ्या नौकेचे कमी दराने मिळणार की मुळीच मिळणार नाही, हे करारात स्पष्ट असले पाहिजे. हवामान खात्याच्या इशाऱ्यामुळे बुडालेल्या फेऱ्यांचेही तसेच. लॉगबुकात त्या दिवसाची नोंद, इशाऱ्याचा उल्लेख आणि अधिकाऱ्याची सही नसेल तर महिन्याअखेर ती फेरी ‘गैरहजेरी’ म्हणून कापली जाते.

आणखी एक गोष्ट निविदेत लिहिलेली नसते. गस्तीची नौका आणि तिचा तांडेल त्याच बंदरातले, आणि पकडायच्या नौकाही बहुधा त्याच किनाऱ्यावरच्या, कधी भावकीतल्याही. ठेका घेणाऱ्याने हा ताण आधीच ओळखावा. गस्तीला निघण्याची खबर नौकेवरून बाहेर फुटली असा नुसता संशय आला तरी ठेका संपतो आणि काळ्या यादीची नोटीस येऊ शकते. ड्रोनमुळे बेकायदा नौका लांबून दिसू लागल्या, पण त्यांच्याजवळ जाऊन पंचनामा करायला नौकाच लागते. म्हणून या ठेक्यांची गरज संपलेली नाही.

मत्स्यबीजाचा पुरवठा

तलाव आणि जलाशयांसाठी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज लागते. इथे विनिर्देश म्हणजे आकार. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली आणि बोटुकली हे चार टप्पे. बोटुकली साधारण 50 मिलिमीटरच्या पुढची धरतात. मागणी बोटुकलीची आणि पुरवठा अर्धबोटुकलीचा, हा या व्यवहारातला जुना तंटा आहे. मोठ्या जलाशयात लहान बीज सोडले तर मोठे मासे ते फस्त करतात आणि पैसे अक्षरशः पाण्यात जातात. म्हणून खरेदी करणाऱ्यानेही स्वस्त दराला भुलू नये. आकार पट्टी लावून तपासावा.

मोजणी कपाने होते. एक जाळीदार कप भरून त्यातले बीज मोजायचे, असे चार-पाच कप मोजून सरासरी काढायची आणि मग एकूण किती कप दिले ते मोजायचे. सरासरी 240 निघाली आणि 400 कप दिले तर पुरवठा 96,000. हीच सरासरी 228 धरली तर 91,200. एका कपात डझनभर बोटुकल्यांचा फरक आणि बिलात 4,800 बोटुकल्यांचा. म्हणून नमुन्याचे कप दोन्ही बाजूंनी निवडावेत, मोजणीच्या वेळी बीज घेणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी, विभागाचा कर्मचारी आणि पुरवठादाराचा माणूस असे तिघे हजर असावेत आणि पंचनाम्यावर तिथेच तिघांच्या सह्या व्हाव्यात. ‘सह्या उद्या ऑफिसात’ हे ऐकून घेऊ नये.

मरतूक कोणाच्या अंगावर, हे आदेशात लिहून घ्यावे. पॅकिंगच्या आदल्या दिवशी बीजाला खाद्य बंद करतात. प्लॅस्टिक पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरतात आणि वाहतूक शक्यतो रात्रीच्या गारव्यात करतात. तलावावर पोचल्यावर पिशव्या उघडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवतात, म्हणजे आतले-बाहेरचे तापमान जुळते. गाडी वेळेवर पोचूनही तलावावर घेणारे कोणी नसेल आणि पिशव्या उन्हात राहिल्या तर मरणाऱ्या बीजाचा दोष पुरवठादाराचा नसतो. पण पोचल्याची वेळ कुठे लिहिलेली नसेल तर तो हे सिद्ध कसे करणार? गाडीतून उतरवतानाचे वेळेसह फोटो काढणे ही आज सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी आहे.

बोटी, जॅकेट आणि बांधकामे

नवी बोट विकत घेण्याच्या निविदांत छोट्या पुरवठादाराला फारशी जागा नसते, पण यार्डवाल्यांना असते. तिथे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्थेची तपासणी, बांधणीच्या टप्प्यांनुसार पैसे, आगाऊ रकमेपोटी बँक हमी आणि समुद्रातली चाचणी असा क्रम असतो. किमतीबरोबर पुढच्या काही वर्षांची देखभाल आणि सुटे भाग यांचा दर मागितलेला असेल तर ती निविदा विचारपूर्वक काढलेली आहे असे समजावे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर किनारी सुरक्षेसाठी वेगवान बोटी घेतल्या गेल्या आणि पुढे त्यांतल्या काही देखभाल व इंधनाअभावी उभ्या राहिल्याच्या बातम्या वारंवार छापून आल्या. बोट घ्यायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही, हा सरकारी खरेदीचा जुनाच रोग आहे.

लाइफ जॅकेटच्या निविदेत प्रमाणपत्र पाहावे, रंग नव्हे. मान्यतेचा शिक्का, उत्पादनाचे वर्ष आणि तरण क्षमता जॅकेटवरच छापलेली हवी. नमुना एक आणि माल दुसरा, असा प्रकार झाला तर सगळी खेप परत येते.

जेट्टी, संरक्षक भिंत, लिलावगृह अशा कामांना सार्वजनिक बांधकामाचे नियम लागतात: शेकडा दराचा ‘बी-1’ किंवा बाबनिहाय दराचा ‘बी-2’ नमुना, दरसूची आणि दोष दायित्व कालावधी. समुद्राकडच्या कामाचे दिवस ऑक्टोबर ते मे एवढेच, आणि किनारा नियमन क्षेत्राची परवानगी हातात नसताना कार्यारंभ आदेश स्वीकारला तर मुदत धावत राहते आणि काम मात्र बंद. बिलातून एक टक्का बांधकाम कामगार उपकर कापला जातो, तोही दरात धरावा.

दर भरताना शेजाऱ्याशी बोलणी करून आळीपाळीने काम वाटून घेण्याची चाल काही ठिकाणी रीतच मानली जाते. स्पर्धा कायदा 2002 नुसार असे साटेलोटे गुन्ह्याइतकेच महागात पडते, आणि एकाच संगणकावरून दोन निविदा भरल्याचे ई-निविदा प्रणालीत कळून येते. न परवडणारा दर भरून काम घेणेही तितकेच घातक. काम अर्धवट सोडल्यास सुरक्षा ठेव जाते आणि पुढच्या निविदांत तो दाखला आड येतो.

काम झाले की बिल जाते आहरण व संवितरण अधिकाऱ्यामार्फत जिल्हा कोषागारात. मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयात. बिलासोबत पुरवठा आदेशाची प्रत, पोच, तपासणी अहवाल, साठा नोंदवहीतली नोंद आणि कराराची प्रत जोडावी लागते. यांतले एक जरी नसले तरी बिल आक्षेपासह परत येते. त्यामुळे माल दिला त्याच दिवशी तपासणी अहवालाची मागणी लेखी करावी. कराराची रक्कम अडीच लाखांच्या वर असेल तर करपात्र पुरवठ्यावर दोन टक्के जीएसटी कापला जातो. ती रक्कम जीएसटी पोर्टलवर स्वीकारली की पुरवठादाराच्या कॅश लेजरमध्ये जमा होते. मत्स्यबीज जीएसटीमुक्त असल्याने त्यावर ही कपात होत नाही, तरीही कधीकधी केली जाते. तेव्हा लगेच लेखी हरकत घ्यावी. ठेक्याच्या बिलातून आयकराची कपातही होते, व्यक्तीला एक टक्का आणि संस्था-कंपनीला दोन टक्के.

पैसे रखडले तर सूक्ष्म व लघु उद्योगांना 2006 च्या कायद्याचा आधार आहे. मालाची स्वीकृती झाल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. तक्रार ऑनलाइन करता येते. माल दिल्यानंतर नोंदणी केलेल्यांचे दावे न्यायालयात अडकले आहेत, म्हणून उद्यम नोंदणी आदेशाच्या आधीची हवी. फाइल कुठे अडली आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज पुरतो. त्याचे उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते, आणि पुष्कळदा उत्तराआधी बिलच निघते.

सुरक्षा ठेव मात्र आपोआप परत मिळत नाही. हमी किंवा दोष दायित्वाचा कालावधी संपला की मूळ पावतीच्या प्रतीसह लेखी अर्ज करून ती मागावी लागते, आणि त्या अर्जाची पोच जपून ठेवावी लागते.